व्हिडिओ गेम : प्रात्यक्षिक व अंतिम आवृत्ती

संगणकीय आज्ञावलीच्या आधारे पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळाचा काही भाग, तो खेळ पूर्ण होण्यापूर्वी, व्यापारी, पत्रकार अथवा ग्राहक यांना दाखविला जातो किंवा खेळावयास दिला जातो, त्यास प्रात्यक्षिक म्हणतात. ‘डेमो’ हे त्याचे व्यवसायात रूढ असलेले नाव होय. खेळाचे जे रूप तबकडीवर, कार्ट्रिजमध्ये वा आंतरजालावरून विक्रीस ठेवले जाते, ती त्याची अंतिम आवृत्ती. या दोहोंत थोडाफार फरक जवळजवळ प्रत्येक खेळात आढळतो. कादंबरीचा पहिला खर्डा किंवा चित्रपटाचे कच्चे संकलन सहसा लोकांपुढे येत नाही. मोठ्या खर्चाचा व्हिडिओ गेम मात्र पूर्ण होण्याच्या एक-दोन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, आधी जाहीरपणे दाखविण्याचा प्रघात आहे. त्यामुळे त्याच्या घडणीतील फेरफार लोकांच्या नजरेस येतात व ‘दाखविले एक आणि दिले दुसरेच’ असा वादही उद्भवतो. हे फेरफार का होतात, त्यांतील कोणते घडणीच्या ओघात येतात आणि कोणते दिशाभुलीच्या सीमेवर जातात, हे पाहण्यासाठी प्रात्यक्षिक कसे तयार होते ते प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

प्रात्यक्षिकाचे प्रकार : ‘डेमो’ या एकाच शब्दाने परस्परांहून बऱ्याच भिन्न गोष्टींचा बोध होतो. पहिला प्रकार संकल्पित चित्रफितीचा. हिच्यातील दृश्ये आगाऊ रेखाटून ठेवलेली असतात. ती खेळयंत्रावर त्या क्षणी निर्माण होत नाहीत. पूर्ण झालेला खेळ कसा दिसावा, याविषयी निर्मात्यांची अपेक्षा ती सांगते, परंतु तसा खेळ अस्तित्वात असेलच असे नाही. दुसरा प्रकार ‘उभ्या छेदा’चा. थरांच्या केकचा एकच काप घेतला तरी त्यात सर्व थर दिसतात, त्याप्रमाणे खेळातील एकच लहान प्रसंग निवडून त्यात चित्र, ध्वनी, हालचाल, कथा इ. सर्व अंगे अंतिम दर्जास नेली जातात. उर्वरित खेळ त्या वेळी कच्चाच असतो. तिसरा प्रकार प्रत्यक्ष खेळता येणाऱ्या नमुन्याचा. तो प्रदर्शनात किंवा घरी खेळावयास मिळतो आणि बहुधा प्रकाशनाच्या सुमारास तयार होत असल्यामुळे अंतिम आवृत्तीशी त्याचे साम्य अधिक असते. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग विनामूल्य वाटला व पुढील भाग विकत दिले. हा या प्रकाराचा एक सुपरिचित दाखला असून त्यात विनामूल्य भाग हा खेळाचाच एक पूर्ण झालेला हिस्सा होता.

निर्मितीचे टप्पे : खेळाची निर्मिती सामान्यतः आद्यनमुना, आल्फा, बीटा व अंतिम आवृत्ती अशा टप्प्यांनी होते. आद्यनमुन्यात साध्या चौकोनी आकृत्या वापरून खेळाची मूळ कल्पना रंजक आहे की नाही एवढेच पाहतात. आल्फा टप्प्यावर खेळाची बहुतेक अंगे जागेवर असतात, परंतु चित्रे व ध्वनी तात्पुरते असतात आणि खेळ मध्येच बंद पडणे नित्याचे असते. बीटा टप्प्यावर नवी भर घालणे थांबवून ‘बग’ या नावाने ओळखले जाणारे दोष शोधून दूर करण्यावर भर दिला जातो. या टप्प्यांच्या सीमा सर्व संस्थांत सारख्या नसतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मोठी जाहीर प्रात्यक्षिके पुष्कळदा आल्फा टप्प्याच्याही आधी द्यावी लागतात. कारण प्रदर्शनाचा दिवस व्यापारी पंचांगाप्रमाणे ठरतो, खेळाच्या प्रगतीप्रमाणे नव्हे. लॉस अँजेल्स येथे १९९५ मध्ये सुरू झालेले ‘ई३’ हे व्यापारी प्रदर्शन दीर्घ काळ या व्यवसायाचे प्रमुख व्यासपीठ होते व त्यासाठी निर्माते महिनोन्‌महिने वेगळी तयारी करीत. हे प्रदर्शन कायमचे बंद केल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. तथापि दूरप्रक्षेपणाद्वारे प्रात्यक्षिके देण्याची प्रथा चालूच राहिली.

आरंभीचे खेळ : तयार होत असलेला खेळ लोकांपुढे ठेवून त्यात बदल करण्याची पद्धत या व्यवसायाइतकीच जुनी आहे. अटारी कंपनीतील अभियंते ॲलन अल्कॉर्न यांनी तयार केलेल्या ‘पाँग’ या खेळाचा नमुना १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात ठेवण्यात आला. काही दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. पाहता नाण्यांची पेटी भरून वाहत होती असे आढळले. या खेळातील फळी पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नसे. हा विद्युत्‌ मंडलातील दोष होता, परंतु त्यामुळे कुशल खेळाडूही अखेर चेंडू चुकवितो हे लक्षात आल्यावर तो तसाच ठेवण्यात आला. जपानमधील टैटो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनाही असाच अनुभव आला. पडद्यावरील शत्रूंची संख्या घटत जाई, तसतसे सूक्ष्मप्रक्रियकावरील काम हलके होऊन उरलेले शत्रू अधिक वेगाने सरकू लागत. यंत्राच्या मर्यादेतून आपोआप निर्माण झालेला हा परिणाम निशिकादो यांनी मुद्दाम कायम ठेवला व तोच पुढे त्या खेळाचा प्राण ठरला. अशा रीतीने घडणीच्या ओघात जे हाती लागते ते आराखड्यात नसले, तरी अंतिम खेळात टिकते. तर आराखड्यात असलेले पुष्कळसे गळून पडते.

बदलाची कारणे : (१) यंत्राची क्षमता : चलत्‌चित्राचा आभास होण्यासाठी खेळयंत्रास दर सेकंदास सामान्यतः ३० किंवा ६० चित्रचौकटी रेखाटाव्या लागतात. म्हणजे एका चौकटीसाठी सु. ३३ वा १७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो आणि प्रकाश, सावल्या, शत्रूंच्या हालचाली, ध्वनी इ. सर्वांचे गणित त्यातच उरकावे लागते. प्रात्यक्षिक पुष्कळदा अधिक शक्तिमान संगणकावर चालविले जाते. शिवाय त्यात एकच स्थळ स्मृतीत साठवावयाचे असते. पूर्ण खेळात एका स्थळावरून दुसऱ्या स्थळी जाताना नवी सामग्री स्मृतीत आणावी लागते, अनेक पात्रे एकाच वेळी वावरतात आणि ग्राहकाच्या घरी जे यंत्र असेल त्यावरच हे सर्व साधावे लागते. त्यामुळे चित्रांचा तपशील, गर्दी, धूर, प्रतिबिंबे इ. गोष्टी कमी कराव्या लागतात.

(२) वाटांची संख्या : प्रात्यक्षिक देणारा माणूस ठरलेल्या वाटेने जातो. कोणते दार उघडावयाचे, कोठे थांबावयाचे, कोणत्या कोपऱ्याकडे पाहावयाचे नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून शत्रूंच्या व सोबत्यांच्या हालचाली आगाऊ लिहून ठेवल्या तरी त्या उत्स्फूर्त भासतात. खेळ विकत घेणारा खेळाडू मात्र वाटेल त्या दिशेने जातो, उलट फिरतो, भिंतीवर चढू पाहतो. पाच मिनिटांचा एक प्रसंग एका वाटेने चालविणे आणि दहा तासांचा खेळ सर्व वाटांनी चालेल असा करणे, या दोन कामांतील अंतर हेच प्रात्यक्षिक व अंतिम आवृत्ती यांतील तफावतीचे सर्वांत महत्त्वाचे कारण होय.

(३) खेळून पाहिल्यावर आलेला अनुभव : कागदावर आकर्षक वाटणारी कल्पना प्रत्यक्ष खेळताना कंटाळवाणी, क्लिष्ट वा अन्यायकारक ठरते. ती वगळली जाते किंवा सोपी केली जाते. ‘डूम’ची पत्रकारांसाठी काढलेली आवृत्ती (ऑक्टोबर १९९३) व विक्रीची आवृत्ती यांत दोन महिन्यांचेच अंतर होते, तरीही गुण मिळवून देणाऱ्या वस्तू या अवधीत काढून टाकण्यात आल्या.

(४) काळ व पैसा : खेळाच्या निर्मितीस शेकडो माणसांचे वेतन लागते व सणासुदीच्या विक्रीचा हंगाम चुकवून चालत नाही. काम मुदतीत बसत नसेल, तर मुदत वाढविणे, माणसांकडून जादा तास काम करून घेणे किंवा खेळाचा काही भाग गाळणे एवढेच मार्ग उरतात. बहुतेक खेळांच्या बाबतीत या तिहींचा कमीअधिक अवलंब झालेला दिसतो.

(५) यंत्र किंवा मालकी यांतील बदल : खेळ एका यंत्रासाठी सुरू होऊन दुसऱ्यावर प्रकाशित होतो. निन्टेंडोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ हा खेळ प्रथम निन्टेंडो ६४ या यंत्राला जोडावयाच्या चुंबकीय तबकडीच्या उपकरणासाठी योजिला होता. पुढे तो ३२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजवर बसविण्यात येऊन नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाला. तबकडीची धारणक्षमता याच्या सु. दुप्पट होती.

‘हेलो’ व ‘हेलो २’ : वरील बहुतेक सर्व कारणे एकत्र दिसतात असे उदाहरण म्हणून बंजी या अमेरिकन संस्थेच्या ‘हेलो’ या खेळाकडे पाहता येईल. या खेळाची सुरुवात सैन्याचे डावपेच लढविण्याच्या, वरून पाहावयाच्या खेळाच्या रूपात झाली. रणभूमीवरील एकेक वाहन चालविण्यातच अधिक गंमत आहे असे निर्मात्यांना आढळले व दृष्टिकोन हळूहळू जमिनीवर आला. २१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्क येथील ‘मॅकवर्ल्ड’ प्रदर्शनात ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी हा खेळ मॅकिंटॉश संगणकावर दाखविला. त्या वेळी नायक पाठीमागून दिसत असे आणि खेळ मॅकिंटॉश व विंडोज संगणकांसाठी येणार होता. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी ही संस्था विकत घेतली. १५ नोव्हेंबर २००१ रोजी हा खेळ प्रकाशित झाला तो मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्स यंत्राचा प्रमुख खेळ म्हणून आणि नायकाच्या डोळ्यांनी जग पाहावयाच्या स्वरूपात. ज्यांच्यापुढे त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले, त्या मॅकिंटॉश वापरणाऱ्यांना तो डिसेंबर २००३ पर्यंत मिळाला नाही. दाखविलेल्या खेळाशी तुलना करता रूप, यंत्र व ग्राहकवर्ग हे तिन्ही बदलले. तथापि जो खेळ सिद्ध झाला तो या प्रकारच्या खेळांत मानदंड ठरला.

मे २००३ मधील ‘ई३’ प्रदर्शनात बंजीने ‘हेलो २’चे प्रात्यक्षिक दिले. त्यात शत्रूंनी वेढलेले पृथ्वीवरील एक शहर, त्यातील रस्त्यांवरून धावणारी वाहने आणि अत्यंत ठसठशीत सावल्या दिसत होत्या. प्रेक्षकांनी त्याचे अपूर्व स्वागत केले. हे प्रात्यक्षिक ज्यावर चालले ते ‘इंजिन’, म्हणजे दृश्ये रेखाटणाऱ्या मूलभूत आज्ञावलींचा संच, एक्सबॉक्सला पेलणारे नव्हते. या यंत्राच्या प्रक्रियकाची गती ७३३ मेगाहर्ट्‌झ व स्मृती ६४ मेगाबाइट एवढी होती. प्रत्येक वस्तूची सावली नव्याने मोजण्याची पद्धत पाच-दहा मिनिटांच्या प्रसंगात मोठ्या कष्टाने निभावली. पूर्ण खेळात ती चालणे शक्य नव्हते. दृश्ये रेखाटणारे ते इंजिन व दाखविलेला संपूर्ण प्रसंग टाकून द्यावा लागला, असे निर्मात्यांनीच पुढे उघडपणे सांगितले. उरलेल्या अवधीत खेळ जवळजवळ नव्याने उभारला गेला. कथेचा शेवटचा भाग गाळावा लागला व ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रकाशित झालेला खेळ ऐन प्रसंगी अर्धवट थांबतो, अशी खेळाडूंची तक्रार राहिली. या उदाहरणात फसविण्याचा हेतू दिसत नाही. प्रात्यक्षिक त्याच यंत्रावर चालवून दाखविले होते. परंतु जे काही मिनिटे शक्य होते ते सर्वकाळ शक्य होईल, हा विश्वास खोटा ठरला. त्याची किंमत निर्मात्यांच्या श्रमांतून व खेळाच्या अपुऱ्या शेवटातून चुकती झाली.

अन्य उदाहरणे : कधीकधी दाखविलेला खेळ टाकून देणे हेच हितावह ठरते. व्हॉल्व्ह या संस्थेचा ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९७ मध्ये प्रदर्शित करण्यात आला व त्याच वर्षअखेरीस तो प्रकाशित व्हावयाचा होता. अंतर्गत पाहणीत तो एकसंध व रंजक नाही असे आढळल्यावर संस्थेने प्रकाशन लांबणीवर टाकले आणि निरनिराळ्या विभागांतील माणसांचा एक लहान गट नेमून जवळजवळ सर्व खेळ पुन्हा रचला. बाहेरच्या व्यक्तीस खेळावयास बसवून, तिला काहीही न सांगता, ती कोठे अडखळते याची मुकाट्याने नोंद घेणे ही या गटाची कार्यपद्धती होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या या खेळाचा नंतरच्या खेळांवर मोठा प्रभाव पडला. त्याच संस्थेच्या ‘हाफ-लाइफ २’ची हकीकत वेगळी आहे. मे २००३ मध्ये त्याचे प्रभावी प्रात्यक्षिक झाले व ३० सप्टेंबर २००३ ही प्रकाशनाची तारीख जाहीर करण्यात आली. ती तारीख टळली आणि ऑक्टोबरच्या आरंभी त्याची मूळ आज्ञावली चोरीस जाऊन आंतरजालावर पसरल्याचे उघड झाले. तीवरून खेळ जाहीर केल्याइतका तयार नव्हता, हे दिसून आले. तो १६ नोव्हेंबर २००४ रोजी प्रकाशित झाला.

जपानमधील कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ बराचसा पूर्ण झाल्यावर १९९७ च्या सुमारास बाजूस ठेवण्यात आला. पत्रकारांना दाखविलेल्या आवृत्तीतील एल्झा वॉकर ही नायिका वगळून तिच्या जागी पहिल्या भागातील एका पात्राची बहीण असलेली क्लेअर रेडफील्ड ही योजण्यात आली व आधुनिक बांधणीची पोलीस कचेरी जाऊन पूर्वी कलासंग्रहालय असलेली भव्य वास्तू आली. हा खेळ जानेवारी १९९८ मध्ये प्रकाशित झाला. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या वेळी तर एकाहून अधिक आवृत्त्या रद्द झाल्या, त्यांपैकी पहिलीतून ‘डेव्हिल मे क्राय’ (२००१) हा स्वतंत्र खेळच निर्माण झाला. २००३ मध्ये दाखविलेल्या आवृत्तीत हातात आकडा घेतलेले एक भूत नायकाचा पाठलाग करते. अंतिम खेळात (२००५) ते नाही. ब्रिटनमधील रेअर संस्थेचा ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) हा ठरावीक वाटेवरून आपोआप सरकत नेमबाजी करण्याचा खेळ म्हणून योजिला होता. तो मुक्तपणे हिंडण्याचा खेळ झाला, आणि चौघांनी एकत्र खेळण्याची जी सोय त्याच्या लोकप्रियतेचे मोठे कारण ठरली, ती अखेरच्या काही महिन्यांत जोडण्यात आली.

ग्राहक व जाहिरात : प्रात्यक्षिक पाहून ग्राहक आगाऊ पैसे भरतो, तेव्हा तफावतीचा प्रश्न कलेपुरता राहत नाही. ‘किलझोन २’ची २००५ मध्ये दाखविलेली चित्रफीत आगाऊ रेखाटलेली होती, परंतु अनेकांनी तिला चालता खेळ मानले, खेळ २००९ मध्ये आला. ‘एलियन्स : कलोनिअल मरीन्स’ हा खेळ फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा आधीच्या प्रात्यक्षिकांतील प्रकाशयोजना व प्रसंग त्यात आढळले नाहीत. ब्रिटनमधील जाहिरात-मानके प्राधिकरणाकडे तक्रार गेल्यावर प्रकाशक सेगा कंपनीने जाहिरातीतील दृश्ये प्रात्यक्षिकातील होती हे मान्य केले व तसा खुलासा जोडण्याचे कबूल केले. अमेरिकेतही त्याच वर्षी याबाबत दावा दाखल झाला.

याउलट ‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) या ब्रिटिश खेळाविषयीच्या तक्रारी त्याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१६ मध्ये फेटाळल्या. या खेळातील ग्रह गणिती सूत्रांनी निर्माण होतात व त्यांची संभाव्य संख्या २ च्या ६४ व्या घाताइतकी आहे. त्यामुळे जाहिरातीतील नेमके दृश्य प्रत्येकास दिसणार नाही हे ग्राहकास समजू शकते, अशी भूमिका प्राधिकरणाने घेतली. पोलंडमधील सीडी प्रॉयेक्ट या संस्थेच्या ‘सायबरपंक २०७७’चे ४८ मिनिटांचे प्रात्यक्षिक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकांसाठी प्रसृत झाले. खेळ अपूर्ण असून त्यात बदल संभवतात, अशी सूचना त्यात दिलेली होती. भिंतीवर चढण्याची जी करामत त्यात दिसली, ती पुढे वगळण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये खेळ विक्रीस आला, तेव्हा जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालत होता की, सोनी कंपनीने तो आपल्या आंतरजाल-दुकानातून काही दिवसांतच काढून टाकला. तेथे तो जून २०२१ मध्ये परत आला. बदलाची पूर्वसूचना दिल्याने निर्माता किती मोकळा होतो, हा प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाईची तरतूद ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये असून त्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० मध्ये स्थापन झाले.

लोकांच्या प्रतिक्रियेमुळेही खेळाची घडण बदलते. याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी संबंधित आहे. यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ (२००३) या खेळाची नवी आवृत्ती सोपविण्यात आली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची पहिली चित्रफीत प्रसृत होऊन २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख जाहीर झाली. चित्रांचा दर्जा काळाच्या मानाने मागे आहे अशी टीका झाली. तारीख प्रथम मार्च २०२१ व नंतर अनिश्चित काळापर्यंत पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या माँट्रिऑल येथील शाखेकडे वर्ग करण्यात आले. प्रात्यक्षिकाने ग्राहकाचाच अपेक्षाभंग होतो असे नाही. ते वेळेआधी दाखविले गेले, तर ज्यांनी ते घडविले त्यांच्या हातून कामही जाऊ शकते.

अवशेष व जतन : गाळलेला भाग अंतिम आवृत्तीतून नेहमीच पूर्णपणे नाहीसा होत नाही. शेवटच्या घटकेस काही काढून टाकल्यास नवे दोष उत्पन्न होण्याचा धोका असतो. म्हणून त्या भागाकडे जाणारी वाट तेवढी बंद करतात व सामग्री तशीच राहू देतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रिअस’ (२००४) या खेळात अशा रीतीने लपविलेला एक शृंगारिक प्रसंग बाहेरच्या व्यक्तींनी २००५ मध्ये उघडा केला. परिणामी त्या खेळाचे अमेरिकेतील वर्गीकरण बदलून तो केवळ प्रौढांसाठी ठरविण्यात आला.

संशोधकाच्या दृष्टीने असे अवशेष मोलाचे असतात. सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग २’ (१९९२) या खेळातील ‘हिडन पॅलेस’ नावाचे स्थळ प्रकाशनापूर्वी नियतकालिकांतील चित्रांत दिसले होते, परंतु विक्रीच्या कार्ट्रिजमध्ये खेळाडूंना ते सापडेना. खेळाच्या एका पूर्वावृत्तीची प्रत १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आंतरजालावर आली आणि ते स्थळ खरोखरच अस्तित्वात होते हे सिद्ध झाले. २०१३ मध्ये निघालेल्या भ्रमणध्वनीवरील आवृत्तीत ते पूर्ण करून समाविष्ट करण्यात आले. ‘हेलो २’चे २००३ मधील प्रात्यक्षिकही जुन्या सामग्रीवरून पुन्हा जुळवून, खेळाच्या प्रकाशनास वीस वर्षे झाली त्या निमित्ताने, नोव्हेंबर २०२४ मध्ये खेळाडूंना उपलब्ध करून देण्यात आले. १९९० नंतरच्या दशकात नियतकालिकांसोबत वाटलेल्या प्रात्यक्षिकांच्या तबकड्या आज संग्राह्य ठरल्या आहेत. केवळ आंतरजालावरून दिलेली प्रात्यक्षिके मात्र त्यांच्याहून अल्पायुषी ठरतात. कोनामी कंपनीने ऑगस्ट २०१४ मध्ये ‘पी.टी.’ या नावाने एका आगामी भयखेळाचे खेळता येणारे प्रात्यक्षिक विनामूल्य दिले. एप्रिल २०१५ मध्ये तो खेळ रद्द झाला व प्रात्यक्षिकही दुकानातून काढून घेण्यात आले. ज्यांच्या यंत्रात ते आधीच उतरविलेले होते त्यांच्यापाशीच ते राहिले. अंतिम आवृत्ती कधीच न आलेल्या या खेळाचे प्रात्यक्षिक ही स्वतंत्र कृती म्हणून ओळखली जाते.

प्रकाशनानंतरचे बदल : खेळ कार्ट्रिजवर वा तबकडीवर मिळत असे, तोपर्यंत कारखान्याकडे गेलेली प्रत हीच अखेरची असे व तीत राहिलेला दोष लाखो प्रतींत कायम होई. यंत्रे आंतरजालास जोडली गेल्यापासून विक्रीनंतरही दुरुस्त्या पाठविता येऊ लागल्या. त्यामुळे अपुरा खेळ विकण्याचा मोह वाढला, तसाच दिलेला शब्द उशिरा का होईना पाळण्याचा मार्गही मोकळा झाला. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये खेळाडूंना एकमेकांसोबत हिंडता येईल अशी जी अपेक्षा प्रकाशनावेळी पुरी झाली नव्हती, ती जुलै २०१८ मधील विनामूल्य सुधारणेने मोठ्या प्रमाणावर पुरी झाली. दुसरीकडे, स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ अपूर्ण आहे असे स्पष्ट सांगूनच २००९ पासून विकला. विकत घेणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो वाढत गेला व त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी जाहीर झाली. पुढे हीच पद्धत अनेक लहान निर्मात्यांनी अंगीकारली.

या दोन पद्धतींतील भेद बदलाच्या प्रमाणात नसून ग्राहकाला दिलेल्या माहितीत आहे. ‘माइनक्राफ्ट’ आरंभापासून शेवटपर्यंत इतर कोणत्याही खेळाइतकाच बदलला. परंतु आपण काय घेत आहोत हे घेणाऱ्यास ठाऊक होते. घडणीच्या ओघात खेळ बदलणे अटळ व बहुधा इष्टही असते. बदल नाकारला असता, तर ‘हेलो’ व ‘हाफ-लाइफ’ यांना त्यांचे आजचे रूप लाभले नसते. दृश्य कोणत्या यंत्रावर निर्माण झाले, ते खेळातील आहे की आगाऊ रेखाटलेले, आणि दाखविल्यापैकी किती भाग प्रत्यक्ष तयार आहे, या तीन गोष्टी प्रात्यक्षिकासोबत स्पष्ट सांगितल्या, तर पुढे होणाऱ्या बदलास दिशाभूल म्हणता येत नाही. त्या दडविल्या, तर अंतिम खेळ कितीही चांगला निघाला तरी आगाऊ पैसे भरणाऱ्याचा आक्षेप उरतोच.